फोन वाजावा अशी प्रार्थना करायची तरी कशी?

पूर्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातली. खारपाणपट्ट्यातलं गाव, म्हणजे विहिरीला पाणी आहे पण ते ना पिता येत ना पिकाला देता येत. पावसाच्या भरवशावर कपाशी आणि तूर, जमिनीत ओल राहिली तर हरभरा. घर आजेसासऱ्यांपासून ख्रिस्ती. वऱ्हाडात जुनं अलायन्स मिशनचं काम आहे, त्यातलंच आमचं.

यांच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा अमरावतीला डायलिसिस. जन आरोग्य योजनेत बसतं म्हणून निभतंय, नाहीतर वावर केव्हाच विकलं असतं. माझा रक्तगट जुळत नाही, सासूबाईंना साखर आहे, दिराची तपासणी केली तर त्यालाच बीपी निघालं. म्हणून नागपूरच्या प्रतीक्षायादीत नाव टाकलंय. मेंदू मृत झालेल्या एखाद्या पेशंटच्या घरच्यांनी अवयव द्यायला होकार दिला, तर यादीप्रमाणे फोन येतो. तोवर थांबायचं.

थांबायला माझी ना नाही. शेतकऱ्याच्या घरी दुसरं काय करतो आपण? पाऊस, भाव, विमा, कर्जमाफी, सगळं थांबूनच. घरसभेत दर बुधवारी सगळे कळकळीने म्हणतात, प्रभू, यांना लवकर किडनी मिळू दे. मीही मोठ्याने आमेन म्हणायचे.

मागे एका रात्री फोन आला. गाडी केली, फाईल घेतली, निघालो. पहाटे नागपुरात पोचल्यावर कळलं की आम्ही स्टँडबाय आहोत. पहिल्या माणसाचं क्रॉसमॅच, म्हणजे दात्याशी रक्ताची जुळणी, जमली नाही तर आम्ही. त्याचं जुळलं. सकाळी आम्हाला सांगितलं, घरी जा.

चहा घ्यायला बाहेर टपरीवर आलो. तिथे चार-पाच माणसं उभी होती, खेड्यातलीच, कपड्यावरून कळतं. एकजण फोनवर सांगत होता की बॉडी दुपारपर्यंत मिळेल, मोठ्या काकांना आत्ताच सांगू नका. दुसऱ्याच्या हातात कॅरीबॅग होती आणि त्यात पोराचे बूट. निळ्या लेसचे, एकाच बुटाला चिखल. तेच कुटुंब होतं की दुसरं, मला माहीत नाही, विचारलंही नाही. पण हे त्या पिशवीकडेच बघत होते. बडनेऱ्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपण रोज रात्री काय मागून राहिलो, समजते का तुले?"

तेव्हापासून घरसभेला हे आतल्या खोलीत बसतात. म्हणतात, मी मागणार नाही. आणि खरं सांगू का, आता माझ्याही तोंडून ते वाक्य निघत नाही. फोन वाजावा म्हणायचं म्हणजे आधी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी फोन वाजावा म्हणायचं.

सगळे सांगतात, प्रभूवर भार टाक, शांती मिळेल. कुठली शांती? अशा वाट पाहण्यात विश्वासी माणसाने नेमकं काय मागायचं? ख्रिस्ती मंडळींना मुख्यतः विचारतेय, पण बाकीच्यांनीही लिहा.

विजयी_विश्वास

ताई, संशयाला जागा देऊ नका. दुष्ट असाच मनात शिरतो. प्रभू नवी किडनी निर्माण करू शकतो, मग यादीवर आणि यंत्रावर विसंबायचं कशाला? उपवास करा, वचन धरून ठेवा, विश्वासाने पाऊल उचला. यंत्र सोडल्यावर साक्ष देता येईल.

नाइटड्यूटी

वरचा प्रतिसाद वाचून हात थरथरले. मी डायलिसिस युनिटला नर्स आहे आणि मीही प्रार्थना करूनच ड्यूटीवर चढते, म्हणून स्पष्ट लिहिते. डायलिसिस चुकवलं की रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबू शकतं. विश्वास कमी होता म्हणून नाही, पोटॅशियम जास्त होतं म्हणून. असे सल्ले ऐकून आलेला पेशंट आम्ही उचलून घेतो तेव्हा सल्ला देणारे तिथे नसतात.

धागाकर्ती ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, पण एक गाठ सोडवता येते. मेंदू मृत ठरवण्याचा निर्णय चार डॉक्टरांचा असतो, तपासण्या दोनदा होतात, मध्ये निदान सहा तास जावे लागतात, आणि त्या चौघांत प्रत्यारोपणाच्या टीममधला कुणी नसतो. हे सगळं झाल्यावर घरच्यांना विचारलं जातं. म्हणजे तुमच्या घरसभेतल्या आमेनने कुणाची मोटरसायकल घसरत नाही. अपघात तुमच्याशिवाय होतो. तुम्ही वाट पाहता ती त्यानंतरच्या होकाराची.

वऱ्हाडी_जागल

ताई, म्या काही लय शिकेल नाई. अकोट तालुक्यात वावर हाय, रानडुकराच्या पायी रात्ररात्र जागलीवर असतो. १३० वं स्तोत्र आमच्या बाबाले पाठ होतं. त्याच्यात म्हणते, पहारेकरी पहाटेची वाट पायतात त्याच्याहून जास्त माझा जीव प्रभूची वाट पायते. आन हे वाक्य लगोलग दोनदा येते. बाबा म्हणे, ज्यानं लिहलं त्यानं जागल केली असन, कारण रात्री दोन वाजता माणूस एकच गोष्ट दोनदा बोलते.

मले त्याच्यात इतकंच समजलं का जागलवाला पहाट आणत नाई. त्यानं कितीबी कुथलं तरी सूर्य दहा मिनिटं आंधी निंघत नाई. पण म्हणून तो झोपतबी नाई. डबा वाजवते, बॅटरी मारते, शेजारच्या मळ्यावाल्याले आवाज देते, "हाय का रे जागा?" तो म्हणते, "हाओ." बस्. अर्धी भीती तिथंच जाते.

तुमच्या मालकाले सांगा, मागू नोका. नुसतं जागे रहा. आन आतल्या खोलीत एकटे नोका बसू.

तुळशीमाळ

मी वारकरी, त्यामुळे या धाग्यात पाहुणा. जागलवाल्या भाऊंचा प्रतिसाद दोनदा वाचला, रात्री दोन वाजता नव्हे, आत्ता दुपारी. ताई, तुमच्या यजमानांनी मागणं थांबवलं याचा मला तर आदर वाटला. दुसऱ्याचं दुःख दिसल्यावर ज्याची प्रार्थना अडते तो देवापासून लांब गेला असं मी तरी म्हणणार नाही.

मेळघाटी_मास्तर

निवृत्त शिक्षक आहे, चिखलदऱ्याच्या खाली राहतो. आमच्या छोट्या मंडळीत रविवारी पाळकसाहेब आले नाहीत तर उपासना मलाच घ्यावी लागते. त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

शांतीबद्दल. "माझी शांती मी तुम्हाला देतो" हे येशूचं म्हणणं योहानाच्या शुभवर्तमानात १४ व्या अध्यायात आहे. हे कधी म्हटलंय ते पाहा. अटक झाली त्याच रात्री, जेवणाच्या बैठकीत. आणि त्याच रात्री, काही तासांतच, तो गेथशेमाने बागेत जमिनीवर पालथा पडून म्हणतोय की हा प्याला माझ्यापुढून टळू दे. शांती देणारा आणि घामाघूम होणारा एकच माणूस, एकच रात्र. आमच्याकडे प्रवचनात हे दोन अध्याय वेगवेगळ्या रविवारी घेतात. त्यामुळे लोकांना वाटतं, शांती म्हणजे धडधड थांबणं. मला वाटत नाही तसं. त्याची धडधड थांबली नव्हती. आणि तिथेही त्याने काय मागितलं? स्वतःला काय हवंय ते लपवलं नाही. टळू दे म्हणाला. मग पुढचं म्हणाला, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. पहिलं वाक्य गिळून थेट दुसऱ्यावर उडी मारली नाही. आपण मात्र एकमेकांना पहिलं वाक्य म्हणूच देत नाही.

अजून एक. त्याने तिघांना सोबत नेलं होतं, जागे राहा म्हणून. तिघेही झोपले. वर जागलवाले म्हणतात ते याच कारणाने पटलं.

स्तोत्रांमध्ये १३ वं स्तोत्र "किती वेळ?" असं चार वेळा विचारतं. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी कापून टाकलं नाही. तुम्हाला आमेन म्हणवत नसेल तर ८८ वं वाचा. तीही प्रार्थनाच आहे.

बडनेरा_जंक्शन

मास्तर, छान लिहिलंत. ताई, मला एवढंच वाटतं की त्या मुलानेही ख्रिस्तासारखं आपलं जीवन दुसऱ्यासाठी दिलं. असं पाहिलं तर ओझं हलकं होईल.

पऱ्हाटी

बडनेरा भाऊ, हेतू चांगला आहे पण हे जुळत नाही. ख्रिस्ताने आपण होऊन प्राण दिला. त्या पोराने नाही दिला. तो बहुतेक दूध घालायला नाहीतर परीक्षेला निघाला होता. दिलं ते त्याच्या आईबापाने, आणि तेही काचेपलीकडे पोरगं दिसत असताना. त्याला हुतात्मा बनवून आपण आपलं ओझं हलकं करतोय, त्यांचं नाही.

माझा भाऊ असाच गेला, कारंजा रोडवर. आम्हाला कुणी विचारलंच नाही अवयवांचं, तेवढा वेळच नव्हता. विचारलं असतं तर आईने काय म्हटलं असतं, माहीत नाही. पण नंतर लोकांनी घरी येऊन "देवाची योजना होती" म्हटलं, तेव्हा ती उठून गोठ्यात गेली. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले होते ना, तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं.

बडनेरा_जंक्शन

पटलं. शब्द मागे घेतो.

पूर्णाकाठ (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. नाइटड्यूटी ताई, चार डॉक्टरांचं मी यांना वाचून दाखवलं. डोक्याला पटलं म्हणाले. पण बूट डोक्यात नाहीत, डोळ्यांत आहेत.

पऱ्हाटी, तुमच्या आईंबद्दल वाचून थांबले. एक विचारू का? राग येणार नसेल तर. अशा घरासाठी दुसऱ्या कुणी अनोळखी माणसाने प्रार्थना केली असती, तर तुम्हाला कसं वाटलं असतं?

पऱ्हाटी

राग कशाला. कुणी करत होतं हे कळलं असतं तर बरंच वाटलं असतं. घरी येऊन सांगितलं नसतं तर आणखी बरं.

जपमाळ

मी कॅथलिक, नागपूर धर्मप्रांतातली, सध्या आर्वीजवळ शाळेत. आमच्याकडे २ नोव्हेंबरला सर्व मृत विश्वासीयांसाठी मिस्सा होतो आणि कुणी नसलेल्या, नाव माहीत नसलेल्या मृतांसाठीही प्रार्थना असते. तुमच्या मंडळीत मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत हे मला माहीत आहे, त्यावर इथे वाद नको. पण जिवंतांसाठी तर करता ना? मग तुमच्या प्रार्थनेचा पत्ता बदला. "यांना किडनी मिळू दे" याऐवजी, ज्या घरी आधी फोन वाजणार आहे त्या घरासाठी करा. ते घर आज कुठेतरी आहे. तिथे आत्ता स्वयंपाक चालला असेल. त्यांना पुढे काय आहे ते ठाऊक नाही, तुम्हालाही नाही.

आणि असंही मागा की ते घर तुमच्या यादीत कधी येऊच नये. त्या घरचं पोरगं हेल्मेट घालून जावो, सुखरूप परत येवो. हे मागितल्याने तुमचं नाव मागे पडणार नाही, देव एवढा हिशेबी नाही.

नाना_नास्तिक

मी कुठल्याच देवाचा नाही, हे नावावरून कळतंच. मास्तरांचं लिखाण आवडलं, तरी मुद्दा राहून गेला असं वाटतं. किडनी आकाशातून येत नाही, शेजाऱ्याच्या होकारातून येते. या धाग्यावर प्रार्थना करणारे इतके, अवयवदानाचा फॉर्म भरलेले किती? आधार क्रमांक देऊन ऑनलाइन नोंद होते. आणि नोंद करून भागत नाही, घरी सांगून ठेवावं लागतं, कारण शेवटी विचारतात ते घरच्यांनाच. सगळ्यांनी होकाराची वाट पाहायची आणि स्वतः होकार द्यायचा नाही, हा कुठला धर्म?

मेळघाटी_मास्तर

नाना, टोमणा बरोबर ठिकाणी लागला. आज संध्याकाळी मुलाकडून भरून घेतो. रविवारी मंडळीतही विषय काढतो. "पुनरुत्थानाला शरीर अख्खं नको का" असं विचारणारी आजी आमच्याकडे आहेच, तिला उत्तर तयार ठेवावं लागेल. वाघाने नेलेल्या माणसाचं पुनरुत्थान होतं असं ती मानते, तिथूनच सुरुवात करीन.

आणि ताई, वाट पाहण्यावर एक राहिलं होतं. आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांत वाट पाहणं लक्ष्मीबाई टिळकांइतकं प्रामाणिकपणे क्वचितच कुणी सांगितलं असेल. रेव्हरंड टिळक काही काळ नागपुरात होते, राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना नवा करार मिळाला. बाप्तिस्मा १८९५ मध्ये. लक्ष्मीबाईंचा १९००. मधली बरीच वर्षं नवऱ्यापासून दूर, नातलगांत, लोकांच्या बोलण्यात. त्या सांगतात तेव्हा रडल्या तिथे रडल्याचं सांगतात, चिडल्या तिथे चिडल्याचं, आणि मध्येच हसवतात. शांत होते असा आव कुठेच नाही. म्हणून त्यांच्यावर विश्वास बसतो.

नाइटड्यूटी

थोडं रोजच्या कामाचं लिहिते, कारण यादीवरचा माणूस तब्येतीने टिकला तरच फोनचा उपयोग.

दोन डायलिसिसच्या मधलं वजन सांभाळा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला जातो आणि पाणी मोजून द्यायचं, याहून कठीण काम नाही. सकाळीच दिवसभराचं पाणी एका बाटलीत भरून ठेवा, गोळ्याही त्यातूनच. मीठ कमी केलं तर तहान आपोआप कमी होते, लोणचं-पापड नकोच. फिस्टुलाच्या हातावर (डायलिसिसच्या सुईसाठी रक्तवाहिन्या जोडलेला हात) बीपी बघू देऊ नका, त्या हाताने पोतं उचलू देऊ नका, आणि रोज सकाळी बोट ठेवून घरघर लागते का पाहा. लागली नाही तर त्याच दिवशी युनिटला या. फाईल, ताजे रिपोर्ट, गाडीवाल्याचा नंबर एका पिशवीत. दोघांचे फोन चार्ज. एक नंबर दिराचाही देऊन ठेवा.

स्टँडबायवरून परत यावं लागणं नेहमीचं आहे. पुन्हाही होईल. मागे पाठवलं म्हणजे देवाने नाकारलं असं घरात कुणालाही बोलू देऊ नका.

शेवटचं, हे माझ्या अनुभवावरून. डायलिसिसवरची माणसं खूप वेळा आतून खचतात आणि घरात कळत नाही. आतल्या खोलीत बसणं लांबलं, जेवण सुटलं, "आता पुरे" असं बोलू लागले, तर युनिटच्या डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही आहे, मराठीत बोलतात. प्रार्थना आणि हे दोन्ही चालू ठेवा.

विजयी_विश्वास

मी डायलिसिस बंद करा असं म्हटलं नव्हतं. अर्थाचा अनर्थ करू नये. तरीही ताई, तुमच्यासाठी प्रार्थनेत आहे.

नाइटड्यूटी

"यंत्र सोडल्यावर साक्ष" हे तुमचेच शब्द आहेत, वर आहेत. प्रार्थनेबद्दल आभार.

पूर्णाकाठ (धागाकर्ती)

उशीर झाला उत्तर द्यायला. मध्ये तुरीच्या सोंगणीत अडकले होते आणि मंगळवारचं डायलिसिसही लांबलं.

धागा मी यांना वाचून दाखवला, सगळा. विजयी भाऊंचाही. ८८ वं स्तोत्र यांनी स्वतः वाचलं, मग म्हणाले, हे कोणी कधी घरसभेत का नाही वाचलं? बुधवारी यांनीच वाचलं. सासूबाई घाबरल्या, म्हणाल्या, असं अशुभ कशाला. हे म्हणाले, शास्त्रात आहे, मी नाही लिहिलं.

जपमाळ ताईंनी सांगितल्यासारखी प्रार्थनाही झाली. मला वाटलं होतं जड जाईल. हे बोलले, तेही मोजकंच. ज्या घरी फोन वाजेल त्या घरच्यांना त्या रात्री सोबत दे. आणि नाहीच वाजला तर चांगलंच, पोरगं घरी येऊ दे. मग जरा थांबून म्हणाले, आणि मला अजून जगायचं आहे, हे तुला माहीत आहे. मास्तर, तुमचं पहिलं वाक्य होतं बहुतेक ते.

किडनीचं काही हललेलं नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं रक्तातलं माप, आहे तिथेच, रात्री तीनला जाग येते तीही येतेच. पण आता दोघांना येते. आधी हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. आता मी विचारते, जागे आहात का? ते म्हणतात, हाओ. जागलवाले भाऊ, हे तुमचंच. शांती हीच का, मला माहीत नाही. मी दुसरी पाहिलेली नाही.

नानांचा फॉर्म मी भरला. हे म्हणाले, माझाही भर. मी म्हटलं, तुमचं काय घेणार ते? हसायला लागले दोघं. पण प्रश्न खरा आहे. नाइटड्यूटी ताई, डायलिसिसवरच्या माणसाचं काही चालतं का?

नाइटड्यूटी

डोळे चालतात! त्याला किडनीची अट नाही. चष्मा असेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तरी चालतं. फक्त नंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, नेत्रपेढीला लगेच कळवायचं, म्हणून नंबर घरात लावून ठेवा. काही संसर्ग वगैरे असेल तर तेव्हा तेच तपासतात. तुमच्या यजमानांना माझा नमस्कार.

वऱ्हाडी_जागल

सिस्टर, आन जागल करू करू लाल झालेले चालतात का?

नाइटड्यूटी

चालतात भाऊ. पण आधी दोन रात्री झोप काढा, डुकरांना सुट्टी द्या.